डाव्या गालावरची टिकली

मी जन्मभर बैलांची दलाली केली. उदगीर, जळकोट, नायगाव, जिथं बाजार तिथं मी. बैल घ्यायचा म्हणजे आधी त्याचं तोंड बघायचं. एका हातानं वेसण धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घालायचा, की जनावर जबडा उघडतं. दोन दाती, चार दाती, सगळे दात आलेला जुळलेला, जनावराचं वय एका नजरेत कळतं. अशी किती तोंडं उघडली त्याचा हिशोब नाही. पण स्वतःच्या बायकोचं तोंड मी आतून कधी बघितलं नव्हतं. बघायचं काय कारण? ती माझ्या मागून जेवायची, भिंतीकडं तोंड करून. हसली तरी पदर तोंडावर घ्यायची. संसार झाला, लेकरं झाली, लेकरांची लग्नं झाली, अन् हिच्या तोंडात दात किती हे मला ठाऊक नव्हतं.

ते बघायची वेळ कोरोनात आली. आता ती नाही. घरात दुसरं काम पण नाही, म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. जसं बोलतो तसं लिहितो.

तिला मिसरीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, अन् ती पूड बोटानं दातांना घासायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी मिसरी घासल्याबिगर चुलीपुढं बसत नाहीत. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात हिची मिसरी लई वाढली. टँकरची वाट बघत बायका घागरी रांगेला लावून लिंबाखाली बसायच्या. टँकरचा भरोसा नाही, सकाळचा म्हणलं तर दुपारी यायचा. बसून बसून करायचं काय, एकमेकींच्या डबीतली मिसरी घासायची अन् उरलेली चिमूट गालात धरून ठेवायची. भूक लागत नाही म्हणायच्या. हिची चिमूट डाव्या गालात.

त्याच दुष्काळात माझा बाजार मोडला. लोकांनी जनावरं येईल त्या भावाला काढली, घेणारा कोणी नाही. पुढं पाऊस आला, पण बैल काही परत आले नाहीत, ट्रॅक्टर आले. मी घरी बसलो. तिची चिमूट मात्र गालातच राहिली.

मग एका साली दातांच्या कॉलेजची जीप लातूरहून गावात आली. समाजमंदिरात खुर्ची टाकून त्यांनी बायकांची तोंडं तपासली. हिची एक किडलेली दाढ काढली, अन् त्याच बाजूला गालात आतून पांढरा डाग निघाला. तपासणारी पोरगी डॉक्टर झालेली होती, पुढचं शिकत होती. नायगावकडची, म्हणजे नांदेड जिल्ह्यातली. मिसरी लावणाऱ्या बायकांचा ती अभ्यास करून राहिली होती. मिसरी सोडली तर डाग कमी होतो का, नाही सोडली तर वाढतो का. मधून मधून यायचं, तोंड बघायचं, फोटो काढायचा, लिहून ठेवायचं. अभ्यास पुरा झाला की तिला मोठी डिग्री मिळणार. हिनं अंगठा दिला अन् त्या अभ्यासात गेली.

पोरगी मायाळू होती. आम्हाला मामा-मामी म्हणायची. पहिल्याच दिवशी हिनं तिला विचारलं, "बाई, तुझं लगीन झालं का?"

"नाही मामी. आधी हे पास होऊ द्या."

"म्हंजे माझ्या तोंडापायी तुझं लगीन आडलंय म्हण की."

"हाव मामी, तुमच्याच तोंडापायी."

सगळ्या बायका हसल्या. हसण्यावारी गेलेली ती गोष्ट हिनं मनात धरून ठेवली होती, हे मला लई उशिरा कळलं. घरी आल्यावर हिनं मिसरीची डबी चुलीत घातली. मी जन्मभर ओरडलो तरी न सुटलेली सवय त्या पोरीच्या एका शब्दावर सुटली. मला रागच आला होता, खरं सांगतो.

नंतर कोरोना आला अन् कॉलेज बंद पडलं. दातांचं काम माणसाच्या तोंडावर वाकूनच करावं लागतं, अन् मशीन लावली की थुंकीचे तुषार उडतात. म्हणून दातांच्या दवाखान्यांना पहिल्यांदा कुलूप. होस्टेल रिकामं झालं. पोरगी नायगावला बापाच्या घरी गेली. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर चढून आम्हाला फोन करायची. उन्हात उभी राहून बोलायची, मागून तिची आई ओरडायची, "डोक्यावर कायतरी घे गं!"

तिच्याकडून कॉलेजातल्यांचे हाल कळायचे. सगळ्यांचेच अभ्यास अडकले होते. एका पोराचा अभ्यास उपटलेल्या दातांवर. दात बरणीत गोळा करायचे अन् तपासायचे. आता दात उपटणंच बंद, बरणी भरणार कुठून? त्यानं विषय सोडला अन् जुन्या एक्स-रेंवर दुसरा धरला. एकीनं मास्क घातल्यावर तोंडाला वास येतो का, हाच अभ्यास घेतला. तिला मास्कवाली माणसं बसल्या जागी मिळाली. या सगळ्यांच्या वरच्या ज्या मोठ्या मॅडम, त्या रोज संध्याकाळी सगळ्यांना फोनवर गोळा करायच्या. स्वतः स्वयंपाकघरात बसून. एकदा म्हणे शिकवता शिकवता मागं दूध उतू गेलं, अन् सगळी पोरं एकदम ओरडली, "मॅडम, दूध!"

आमच्या पोरीला विषय बदलता येईना. बायका गावात, डाग गावात. मोठ्या मॅडम म्हणाल्या, फोटो घरून मागव. पण फोटोचा फोन बायकांकडं कुठं? तो नवऱ्याच्या खिशात. म्हणून तिनं नवऱ्यांचा ग्रुप केला. पहिल्या दिवशी ग्रुपवर देवाचे फोटो आले, सोयाबीनचा भाव आला, उदगीर जिल्हा होणार अशी बातमी आली. तोंडाचा फोटो एकाचा नाही. दुसऱ्या दिवशी एकानं पाठवला तो स्वतःच्या गोऱ्ह्याचा. खाली लिहिलं, दलालमामा, किती दाती? मी लिहिलं, चार दाती, विकू नको. लगेच पोरीचं आलं, "मामा, मामींचा कधी?"

फोटो कसा काढायचा ते तिनं व्हिडिओवर शिकवलं. उजेडात बसवायचं, चूळ भरायला लावायची, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला ओढायचा, बॅटरी लावायची अन् जवळून फोटो. मी हिला ओट्यावर बसवलं. फोन भिंतीला टेकवला, म्हणजे पोरीला दिसावं.

"उघड."

"कोणी बगून राहिलं का बगा आधी."

"कोणी न्हाई. लॉकडाऊन हाय."

"तुमी हाव की."

"मी नवरा हाय."

"म्हणून तर."

हात आपला सवयीनं गेला. एका हातानं हनुवटी धरली अन् दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत. तिनं फाडदिशी हातावर मारलं.

"बैल हाय का मी?"

फोनमधे पोरगी हसून बेजार. "मामा, चमचा! चमचा घ्या!"

"इचार त्यायला," ही तिला म्हणाली, "शेपूट बी उचलून बगतेत का."

शेवटी चमचा तिनंच धरला, गाल तिनंच ओढला. मी नुसता फोन घेऊन वाकलो. आत गुलाबी, ओलं. मला बघवेना अन् नजरही काढवेना. एवढ्या वर्षांची बायको, अन् मी पाहुण्याच्या घरात शिरल्यासारखा अवघडलो. फोटो काढला, पाठवला.

"मामी, डावाच गाल ना?" पोरीनं विचारलं.

"हाव."

"डाग दिसतच नाही! मिसरी सोडली त्याचा गुण बघा."

ही पदराआड हसली. त्यानंतर पोरीनं मागितला की मी फोटो पाठवायचो. दरवेळी गाल स्वच्छ. ग्रुपवर पोरगी आमचं नाव काढायची. मी फुगलो. मोठ्या मॅडम तेवढ्या म्हणाल्या म्हणे, कॉलेज उघडलं की या बाईंना आधी बोलवा, प्रत्यक्ष बघू.

मधल्या काळात हिनं ठेचा सोडला. भाकरी वरणात कालवून खायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाळ्यानं तोंड आलंय. भिंतीकडं तोंड करून जेवायची, त्यामुळं कोणत्या बाजूनं चावते ते दिसायचं नाही.

पेरण्या झाल्या होत्या. एक दिवस पोरीचा फोन आला. मी फोनचा आवाज मोठा ठेवतो, कान गेलेत. ती हसली नाही, काही नाही.

"मामा, मामींनी दाढ कधी बसवली?"

"कसली दाढ?"

"डावीकडची खालची. कॅम्पात आम्हीच काढली होती. मॅडमना दाखवायला जुने अन् नवे फोटो शेजारी लावले. जुन्या फोटोत तिथं खड्डा आहे. तुमच्या सगळ्या फोटोंत दाढ आहे."

ही समोर तूर पाखडत बसली होती. तिचं सूप थांबलं. म्हातारपणी दाढ उगवत नाही, हे जनावरात अन् माणसात सारखंच. समोर बसलेल्या माणसाचं डावं-उजवं फोटो काढताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कोणता गाल दाखिवला?" मी विचारलं.

"चांगला."

"अन् वाईट कामून न्हाई?"

तिनं सूप खाली ठेवलं. "त्या पोरीला पास व्हायचंय. डाग वाढला म्हणल्यावर मोठ्या बाई तिला काय म्हणतील? इतकं उन्हातान्हात गच्चीवर चढून बोलून राहिली लेकरू. माझ्यापायी नापास व्हावं का तिनं?"

"अगं, पण खोटं दाखवायचं?"

"तुमी काय केलं जन्मभर? लंगडा पाय गिऱ्हाईकाकडं केला का कधी? फुटका डोळा दरवेळी भिंतीकडं."

बाजारात सगळेच तसं करतात. पण बाजारात घेणारा बैलाभोवती फिरतो, त्या अंगानं जाऊन बघतो. फोनला फिरता येत नाही.

फोन चालूच होता. पोरीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मामी, डाग वाढला तरी मी पास, कमी झाला तरी पास. जे आहे ते लिहायचं, एवढंच माझं काम. चांगलंच निघालं पाहिजे असं नसतं त्यात."

"मंग हे आधी सांगायचं ना बाई," ही म्हणाली.

त्याच वेळी डाव्या गालाचा फोटो काढला. यावेळी चमचा मी धरला. पांढरा डाग होताच, पण त्याच्या मधोमध लाल खड्डा पडला होता, कडा वर आलेल्या. फोटो पाठवला. पोरीनं तो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "मामा, याचा तुकडा काढून तपासावा लागेल. आता थांबायचं नाही. मॅडमनी कॉलेजात एक खोली उघडून घेतली आहे, अशाच पेशंटसाठी. तुम्ही निघा."

ही म्हणाली, "ती पोरगी असंल तर जाते. दुसऱ्या कोणापुढं तोंड उघडणार न्हाई." किती समजावलं, ऐकेना. शेवटी पोरीनं सांगितलं, मी येते.

आता पोरगी नांदेड जिल्ह्यात अन् आम्ही लातूर जिल्ह्यात. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बाजारात होतो. कोणीतरी पेढे वाटले. मी विचारलं, बैलाचा भाव वाढणार का? न्हाई म्हणले. पेढा खाल्ला अन् कामाला लागलो. आमच्या गावापासून नांदेडची हद्द दोन शेतं ओलांडली की लागते. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, ती रेघ मला जन्मात कधी दिसली नाही. कोरोनात दिसली. रस्त्यावर आडवा बांबू, दोन्हीकडं दगड, अन् मांडवाखाली पोलीस.

आम्ही शेजाऱ्याची जीप घेऊन अलीकडं थांबलो. पलीकडून पोरगी बापाच्या मोटारसायकलवर आली. तिच्याकडं मॅडमनी फोनवर पाठवलेला कागद होता. पोलिसानं तो बघितला, परत दिला.

"यावर शिक्का न्हाई. अन् दातांचं काय एवढं अर्जंट असतंय मॅडम? लवंग धराय सांगा."

पोरगी समजावू लागली. तो ऐकेना, त्याच्या मागं अजून गाड्या उभ्या. मी जीपमधून उतरायच्या आत ही उतरली. बांबूपाशी गेली. पदर खाली केला, मास्क खाली केला, अन् त्या परक्या माणसासमोर भर रस्त्यात आ करून तोंड उघडलं. स्वतःच्या बोटानं डावा गाल ओढून धरला.

"मावशी, मास्क! मास्क!" तो मागं सरला.

"बग बाबा," ही म्हणाली. "लवंगीनं जातंय का सांग."

त्यानं बघितलं. मग दुसरीकडं बघितलं. बांबू वर केला, पोरीला म्हणाला, "जा ताई, लवकर जा."

जीपमधे बसल्यावर हिनं मास्क वर घेतला. पोरगी तिच्याशेजारी बसायला लागली तर ही म्हणाली, "लांब बस, कोरोना हाय." मग दोघीही हसल्या.

कॉलेजात खिडक्या उघड्या, पंखे बाहेरच्या तोंडानं लावलेले. पोरगी पांढरा प्लास्टिकचा अंगरखा अन् चष्मा घालून आली, ओळखू येईना. ही घाबरून मागं सरली. आतून आवाज आला, "मामी, मीच आहे, तुमच्या तोंडापायी लगीन आडलेली." तेव्हा हिनं तोंड उघडलं.

तुकडा तपासून आला. मोठ्या मॅडमनी मला समोर बसवून साफ सांगितलं. कॅन्सर आहे. सुरुवात आहे. कापून काढता येईल. आधी कळलं असतं तर कमी कापावं लागलं असतं. हे शेवटचं त्यांनी मला सांगितलं, हिला नाही. मीही हिला कधी सांगितलं नाही.

लातूरलाच ऑपरेशन झालं, मग मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन दिलं. गाल आत ओढला गेला, तोंड वाकडं झालं. भाकरी सुटली, ज्वारीच्या कण्या अन् दूध. ती आता भिंतीकडं तोंड करून जेवेना. म्हणायची, तुमी सगळं बगितलंय, आता कशाला.

फोटो चालूच होते, आता जखम कशी भरते ते बघायला. पण पोरीला धास्ती बसली होती. बाकीच्या बायकांचं काय? त्यात कोणी नवरा पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो काढी, त्यात डावं ते उजवं दिसे. मॅडम अन् सगळी शिकणारी पोरं फोनवर बसून खल करून राहिली होती की बाजू ओळखायची कशी. ही खाटेवरून म्हणाली, "सोपं हाय. ज्या गालात दुखणं त्या गालावर टिकली लावा. फोटोत टिकली आली पाहिजे."

मॅडमनी ते घेतलं. सगळ्या गावांतल्या बायका गालावर टिकली लावून फोटो काढू लागल्या. एक विधवा बाई म्हणाली, मी टिकली लावणार न्हाई. तिला चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगितलं. टिकली अन् शेजारचे दात, दोन्ही दिसल्याबिगर फोटो धरायचा नाही, असा नियमच झाला. पोरगी म्हणते, नवीन पोरांना आजही तेच शिकवतात.

फोटो झाला की ही गालावरची टिकली काढून माझ्या फोनच्या मागं, कव्हराला चिकटवायची. पुढच्या वेळी तीच घ्यायची. एक टिकली किती दिवस पुरवावी, तर गोंद जाईपर्यंत.

पोरगी पास झाली. लगीन पण झालं. पत्रिका द्यायला ती आली तेव्हा हिनं आधी तिला तोंड उघडून दाखवलं, मग पत्रिका घेतली. पुढं हिच्या मानेत गाठ आली. पुन्हा लातूर, पुन्हा शेक. यावेळी गुण आला नाही. ती घरीच गेली, सकाळी, मी दूध कोमट करून राहिलो होतो तेव्हा.

भिंतीवर लावायला लेकानं फोटो मागितला. माझ्या फोनमधे तिचे पुष्कळ फोटो, पण सगळे तोंडाच्या आतले. चेहऱ्याचा एक नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती कोणावर तरी रागावल्यासारखी दिसते. पोरगी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मामा, ते आतले फोटो पुसून टाका आता, माझ्याकडं आहेत." मी हाव म्हणलं. पुसले नाहीत. ते तोंड मी उशिरा बघितलं, एवढ्यात पुसू कशाला?

परवा फोन हातातून पडला, काच फुटली. उदगीरला दुकानात नेला. दुकानदारानं काच बदलली अन् कव्हर काढून टोपलीत टाकायला लागला. "काका, हे मळलंय, नवं घालतो."

मी म्हणलं, "कव्हराला हात लावू नको."

त्यानं उलटं करून बघितलं. टिकली होती, कडेनं उचकटलेली. त्याला वाटलं घाण आहे, नखानं खरवडायला गेला. मी त्याचा हात धरला. बाजारात सौदा करताना धरायचो तसा, घट्ट.

कव्हर होतं तसं परत घातलं अन् घरी आलो.